धाकटीची बारावी आणि माझ्यावरचा अविश्वास ठराव

धाकटीने नववीत शाळा सोडायची म्हटलं तेव्हा आमच्या घरात रीतसर सभा भरली. आमच्याकडे सगळ्याचीच सभा भरते. फ्रिज घ्यायचा का, गणपतीत गावाला कोणी जायचं, मोरीचा नळ कोण दुरुस्त करणार. बाबा अध्यक्ष, कारण घरातली एकुलती एक खुर्ची त्यांची. ठराव मांडायचा, अनुमोदन मिळवायचं, हात वर करायचे. लालबागला बाबांचा लहानसा छापखाना आहे. युनियनची, चाळ कमिट्यांची, भाडेकरू संघांची पत्रकं तिथे निघतात. आम्ही दोघी बहिणी वाचायला शिकलो त्या पत्रकांवर, आणि पाढे लिहिले तेही त्यांच्याच कोऱ्या पाठीवर.

शाळेत फळ्यावरची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागत. धाकटीने एकदा आपल्या शब्दांत लिहिलं, तर पानभर लाल रेघ. घरी येऊन तिने दप्तर कॉटवर भिरकावलं आणि म्हणाली, "मी छापखाना नाही. एकच मजकूर पुन्हा पुन्हा नाही काढणार."

मी तेव्हा नुकतीच एमए झाले होते, लेख लिहीत होते आणि अन्यायाच्या शोधातच होते. मी उभी राहून ठराव मांडला: शाळा बंद, धाकटीला घरी मी शिकवणार, दहावी-बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यायची. बाबांनी अनुमोदन दिलं. आई एकटी विरोधात.

"शाळा सोडलेल्या चेडवाक उद्या कोण विचारतला गो?" आई म्हणाली. ती मूळची मालवणची, आणि रागात आली की जास्तच मालवणची होते.

"तीच सगळ्यांना विचारेल," मी म्हणाले.

काय दिवस होते ते! सकाळी बाबा छापखान्यात गेले की खोली आमची. शाळेची घंटा म्हणून मी ताटावर चमचा वाजवायचे, आणि शेजारच्या काकू आतून ओरडायच्या, "सुरू झालं गं विद्यापीठ!" टक्केवारी आम्ही भायखळ्याच्या भाजीबाजारात केली. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरले की भूगोलाचा तास तिथेच. धाकटी पाठकोऱ्या पत्रकावर खाडीचा नकाशा काढत बसायची, आणि एकदा भरती कुठपर्यंत येते हे बघायच्या नादात चप्पल चिखलातच सोडून आली. तिला नकाशे करायचे होते. डॉक्टर नाही, ऑफिसर नाही. नकाशे. त्यासाठी गिरगावाकडच्या एका कॉलेजात भूगोल घेऊन बीए करायचं तिने ठरवलं होतं. तिथे भूगोलाच्या जागा थोड्या, आणि बारावीच्या मार्कांवरच मिळणाऱ्या. दहावी ती सुटली. बरी सुटली, फार नाही. बारावीला मात्र 'बरी' पुरणार नव्हती.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी भूगोलाची सराव परीक्षा घेतली आणि पेपर तपासायला वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे दिला. बाई ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावरून खाली आल्या त्याच पदर तोंडाला लावून. मला वाटलं, खोकतायत. त्या हसत होत्या.

"ऐका," बाई म्हणाल्या आणि आमच्या दारात उभं राहून वाचू लागल्या. "प्रश्न, मासेमारीला अनुकूल घटक लिहा. उत्तर. बंधू-भगिनींनो! हा दंतुर किनारा कुणाच्या बापाचा?"

गॅलरीतली सगळी दारं उघडली.

"पुढे ऐका. किती दिवस आपण उथळ समुद्राकडे दुर्लक्ष करणार? आमच्या मागण्या. उष्ण आणि थंड प्रवाहांचा संगम झालाच पाहिजे! प्लवकांच्या एकजुटीचा विजय असो!"

शेजारच्या काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. बाबा चहा पीत होते, त्यांच्या नाकातून चहा आला. मी मात्र गंभीर होते, कारण मला उत्तर आवडलं होतं. घटक सगळे बरोबर होते! उथळ समुद्र, दंतुर किनारा, प्रवाह, प्लवक, काय राहिलं होतं?

"मार्क किती?" धाकटीने विचारलं. ती हसत नव्हती.

"मी आहे म्हणून निम्मे दिले," बाई म्हणाल्या. "बोर्डाचा परीक्षक 'बंधू-भगिनींनो' वाचून पेपर बाजूला ठेवील बाळा. त्याला मुद्दे लागतात. मुद्दा, खाली दोन ओळी, आकृती, नावं. बास."

मी उसळले. मुद्दे पाडणं म्हणजे विचाराला रेशनच्या रांगेत उभं करणं, असं काहीतरी बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो ना. पण रेशन मिळतं."

त्या संध्याकाळी धाकटीने सभा बोलावली. बाबा खुर्चीत बसले. ती उभी राहिली, घसा साफ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिकवणाऱ्या ताईवर या सभेचा विश्वास राहिलेला नाही, असा मी ठराव मांडते."

"काय?" मी.

"मध्ये बोलायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदन?"

"मी देतंय!" आईने दोन्ही हात वर केले. एका हातात लाटणं होतं. "माझ्या चेडवाक कॉलेजात जाऊचा हा, मोर्चात न्हय."

"मला बाजू मांडायची आहे," मी म्हणाले, आणि बरंच बोलले. शिक्षण म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, घोकंपट्टी म्हणजे काय. बोलता बोलता कॉटवर कधी चढले ते कळलं नाही. पंख्याखाली डोकं वाकवून बोलत होते.

धाकटी ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू म्हणतेस ते सगळं मला पटतं. म्हणूनच मी तसं लिहिते ना! पण मला त्या कॉलेजात जायचंय गं. तिथे नकाशांची अख्खी खोली आहे. मी खिडकीतून बघून आलेय."

ती एकटी जाऊन बघून आली होती. मला सांगितलंसुद्धा नव्हतं. मी कॉटवरून उतरले, आणि मतदान झालं तेव्हा माझाही हात वर होता. ठराव एकमताने मंजूर. अध्यक्षांनी माझे आभार मानले, आणि मला लगेच नवी नेमणूक मिळाली: चहा करणे, पेन्सिलींना टोक काढणे आणि बाईंकडे जाताना शिष्येच्या मागून ॲटलस वाहणे.

मग बाईंचं राज्य सुरू झालं. धाकटी उत्तर लिहायची आणि बाई एकेक उद्गारचिन्ह खोडायच्या. "हे कशाला? समुद्र ओरडतोय का?" "नाही बाई." "मग?" मी दारात ॲटलस धरून उभी, तोंड मिटून. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड चळवळ. हळूहळू मात्र तिच्या मुद्द्यांना धार आली. दोनच ओळी, पण त्या दोन ओळींत खाडी दिसायची. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवायचे, आणि बाईंना ते दिसायचं.

निकाल लागला त्या दुपारी आई डाळ गाळत होती. मार्क ऐकले आणि तिने चाळणीतली डाळ तशीच मोरीत ओतली. भूगोलात तर असे मार्क, की बाई जिन्यातूनच ओरडल्या, "कुणी खोडलं? मी खोडलं!" आई चाळभर पेढे वाटत फिरली, आणि प्रत्येक दारात सांगत होती की घरी शिकवायची कल्पना मुळात तिचीच.

कॉलेजच्या यादीत नाव लागलं. पण प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने कागद उलटसुलट केले. "बाहेरून बसलेली? ज्युनियर कॉलेजचा दाखला नाही? मग नाही होणार."

माझे कान तापले. मजकूर तयारच होता डोक्यात, मथळ्यासकट. मी तोंड उघडलं, तर धाकटीने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"सर," ती म्हणाली, "एक, हा बोर्डाचा निकाल. दोन, जिथे सतरा नंबरचा फॉर्म भरला त्या संपर्क केंद्राने दिलेला दाखला, तोच आमचा कॉलेजचा दाखला धरतात. तीन, तुमच्याच सूचनाफलकावर बाहेरून बसलेल्यांसाठी वेगळी ओळ आहे, खालून तिसरी. मी वाचून आलेय."

कारकून उठला, फलक वाचून आला, बसला. चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "पोरी, असं सगळे सुटसुटीत बोलले तर मी जेवायला वेळेवर जाईन." आणि शिक्का मारला. पावतीच्या कोपऱ्यात त्याने पेनाने काहीतरी लिहून दिलं.

बाहेर फुटपाथवर येऊन धाकटीने ती पावती उघडली आणि किंचाळली. "ताई! रोल नंबर! मला रोल नंबर दिलाय!" चार वर्षं ती कुठल्याच हजेरीत नव्हती. ती जागच्या जागी उड्या मारू लागली. "म्हण ना. एकदा पुकार ना!"

माणसाला आकड्याने हाक मारण्याविरुद्ध मी दोन लेख लिहिले आहेत. दोन्ही छापून आले आहेत. मी फुटपाथच्या कडेला उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि गिरगावच्या भर रस्त्यात ओरडले, "रोल नंबर त्रेचाळीस!"

"हजर!" ती ओरडली, आणि बसथांब्यावरचे लोक वळून बघू लागले, तर म्हणाली, "अजून एकदा."