उष्ट्या ताटांचं मत

कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आपल्या हाताच्या चवीचा भारी अभिमान. पुन्हा भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, "कशी झालीय?" उत्तर ठरलेलं, "झकास!"

संख्याशास्त्र शिकणारी सून एकदा म्हणाली, "आई, ज्यांना आवडते तेच पुन्हा येतात. बाकीच्यांना कोण विचारतं?"

मावशींना ते चांगलंच झोंबलं. तरी दुसऱ्या दिवशी त्या उष्टी ताटं ठेवायच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. निम्म्या ताटांत भाजी तशीच होती.

"तिखट झेपत नाही, मावशी," एक कामगार ओशाळून म्हणाला.

तेव्हापासून त्या कमी तिखटाचं वेगळं पातेलं करू लागल्या. ताटं स्वच्छ परत येऊ लागली.

"माझा तोरा उतरवलास गं," त्या सुनेला म्हणाल्या, "पण बरं केलंस." आणि दोघी खळखळून हसल्या.