काशाच्या ठासण्या

बाण भरायच्या खोलीत लोखंड न्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. उंबऱ्याबाहेर एक करवंटी ठेवलेली असे. आत जाणाऱ्या बाईने केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, कमरेची चावी, सगळं त्या करवंटीत टाकायचं आणि मग आत पाय ठेवायचा. वडिलांनी एकदा गावच्या पाटलांना पट्टा काढायला लावला होता. बिचारे एका हाताने विजार धरून बाण बघत उभे राहिले.

शिमग्यात देवीची पालखी किनाऱ्यावर आली की आमच्या घरचे अकरा बाण समुद्राच्या दिशेने सोडायचे, ही आमच्या कोळीवाड्याची रीत. बाण म्हणजे जाड कागदाची नळी, तिच्यात घट्ट बसवलेली दारू आणि मागे बांबूची काडी. दारू आत बसवायला जी धातूची दांडी लागते ती ठासणी. एकाने नळी दोन्ही हातांनी धरायची, दुसऱ्याने ठासणी आत घालून वर लाकडी हातोडा मारायचा. आमच्याकडे वाळू कुठे नसते? भाकरीतसुद्धा लागते. ठासणी लोखंडाची असेल आणि तिच्याखाली वाळूचा एक कण आला, तर ठिणगी पडते. मग धरणाऱ्याचं तोंड आणि ठोकणाऱ्याचे हात जातात.

मला सख्खा भाऊ नाही. वडील गेल्यावर बाण माझ्याकडे आले. मी म्हसळ्याकडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते आणि शिमग्याला चार दिवस रजा टाकून माहेरी येते. आई नळी धरते, मी ठोकते. तिला नीट दिसावं म्हणून ती अगदी वाकून बसते. सरळ बस म्हटलं की म्हणते, तू तुझं काम कर.

वडिलांच्या पितळी ठासण्या ठोकून ठोकून डोक्याकडून फुलल्या होत्या, एकीला चीर गेली होती. नव्या करायच्या ठरल्या आणि कशाच्या करायच्या यावर मी वर्षभर डोकं खाल्लं, स्वतःचं आणि दुसऱ्यांचंही. तांबं मऊ, दोन वर्षांत वाकतं. ॲल्युमिनियम हलकं आणि मिळायला सोपं, पण मार खाऊन फुगतं आणि नळीत अडकतं. स्टेनलेसला गंज नाही म्हणजे ठिणगीही नाही, असं छातीठोक सांगणारे दोन शहाणे मला भेटले. गंज वेगळा आणि ठिणगी वेगळी, हे त्यांना समजावता समजावता माझा चहा थंड झाला. पितळ चालतं, पण भंगारातल्या पितळेत काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. उरलं कासं. ते कडक असतं, खाऱ्या हवेला दाद देत नाही आणि ठिणगी टाकत नाही.

आणि कासं आमच्या घरातच होतं. वडिलांची होडी मोडीत निघाली तेव्हा तिला पाण्यात ढकलणारा काशाचा पंखा तेवढा आईने ठेवून घेतला होता, गोणपाटात गुंडाळून, खाटेखाली. मी तो उचलून मामेभावाकडे नेला. बंदराजवळ त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, निम्म्या होड्यांचे शाफ्ट त्यानेच घासलेले. दर नारळी पौर्णिमेला मी त्याला राखी बांधते. मी म्हटलं, दादा, हा वितळवून चार ठासण्या करून दे. त्याने पंख्यावरून हात फिरवला.

"आत्याच्या घरचा पंखा," तो म्हणाला. "पण देवीचं काम हाय. पालीकडं एक ओतारी हाय वळखीचा. ओतून आणतो, मंग लेथवर घेतो."

दिवाळीनंतर ठासण्या आल्या. पिवळ्याधमक, कडा गोल केलेल्या, हातात जड. घरात काही नवीन आलं की वडील त्याला लोहचुंबक लावायचे, जुन्या रेडिओच्या स्पीकरचं. मी लावलं नाही. पोरांना दर जूनला चुंबकाचे प्रयोग मांडून देणारी बाई मी, आणि मी लावलं नाही. राखीच्या भावाच्या कामाला चुंबक लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. आमच्यात असं करत नाहीत. त्या शिमग्याला अकरा बाण भरले, अकराही सरळ गेले आणि गावाने कौतुक केलं.

पुढच्या वर्षी ठासण्या गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि त्यांची टोकं तांबडी दिसली. मी कितीतरी वेळ बघत बसले. काशाला कळंक चढतो तो हिरवा. आमच्या हवेत चढायलाच हवा. तांबडा चढतो तो एकाच धातूला. तरी मी चुंबक आणलं. ते टक्कन चिकटलं. चारही ठासण्यांना चिकटलं. लोखंडावर पिवळा मुलामा होता आणि मार खाऊन टोकांचा उडाला होता. आदल्या वर्षी आईचं तोंड नळीवर असताना मी लोखंडाने दारू ठासली होती, एकदा नव्हे, शेकडो वेळा.

तशीच वर्कशॉपवर गेले.

"दादा, हे लोखंड आहे."

त्याने चिंधीला हात पुसले. "व्हय."

"पंखा कुठंय?"

"पोराच्या होडीला लावला. त्याचा तुटला व्हता, ऐन हंगाम. आणि खरं सांगू, चांगला पंखा वितळवायला जीव झाला न्हाय."

"मग सांगायचं होतंस."

"तू न्हाय म्हटली असतीस."

"आणि मुलामा? तो कशाला दिलास?"

चिंधी खांद्यावर टाकून तो म्हणाला, "झालं काय? बाण गेले ना सरळ?" आणि त्याने लेथ चालू केला. त्या आवाजात मी काय काय बोलले ते त्याला ऐकू गेलं नसेल. बरंच झालं, मी फार वाईट बोलले.

घरी आई पडवीत सुका जवळा निवडत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हादरेल, छातीला हात लावेल, भाच्याला शिव्या देईल. ती जवळ्यातली शिंपली बाजूला काढत राहिली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्याच्या पोराच्या होडीच्या पूजेला नारळ मीच फोडला. तवाच वळखला पंखा, पात्याला टवका हाय ना."

"पूजा कधी झाली?"

"दिवाळीच्या आधी."

म्हणजे ठासण्या घरात यायच्या आधी.

"मग त्या कशाच्या असतील ते तुला कळलं असेल."

"कळलं."

"आणि तरी नळी धरलीस?"

"धरली. माझं काय, पिकलं पान. बोलले असते तर भावाचं घर बंद झालं असतं मला. आता तेवढंच माहेर उरलंय."

"आई, ठोकत मी होते."

तिने सुपातला जवळा एका बाजूला केला आणि दुसऱ्या बाजूचा निवडायला घेतला.

तिने तिचं माहेर राखलं. माझं माहेर ती होती.