तिसऱ्या रांगेतला आवाज

मी काम करते ती कंपनी सदाशिव पेठेत, दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांत आहे. खालून ड्रिलचा आवाज येत असतो आणि वर आम्ही संघांची, स्पर्धांची जाहिरात आखतो. लोकांना वाटतं या धंद्यात खूप बोलावं लागतं. मला लागत नाही. मी तक्ते भरते, व्हिडिओ आणि आवाज कापते, आणि बघणारे कुठल्या क्षणी कंटाळून निघून जातात ते टिपून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे महिला कबड्डीचा एक नवा संघ आला. सामने बंदिस्त हॉलमध्ये, दुपारी चारला, सोबत ऑनलाइन प्रक्षेपण. खुर्च्या रिकाम्या असणार हे सगळ्यांना माहीत होतं. रिकाम्या खुर्च्या लपवता येतात, कॅमेरा जरा खाली धरायचा. शांतता लपवता येत नाही. सरावाच्या चित्रीकरणात मॅटवर घासलेला प्रत्येक पाय ऐकू येत होता. प्रायोजक बांधकाम व्यवसायातला. तो म्हणाला, "शोकसभा वाटतेय." पुढच्या वर्षी पैसे लावायचे की नाही, हे तो या हंगामावरून ठरवणार होता.

आमच्या बॉसनी, मी त्यांना मॅडम म्हणते, उपाय काढला. गर्दीचा आवाज रेकॉर्ड करून हॉलमधल्या स्पीकरवर लावायचा. गर्दी आहे असं वाटलं की गर्दी येते, हे त्यांचं आवडतं तत्त्व. मी इंटरनेटवरून आणलेले आवाज परदेशी फुटबॉलचे निघाले. मॅडमनी अर्धा मिनिट ऐकलं.

"हे लोक सामना बघतायत की विमानाची वाट? जा, खरी माणसं घेऊन ये."

म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला मी पुण्याबाहेर मांजरी गावाला गेले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे मनोरे आणि मध्ये मातीचं मैदान. मुलींचे स्थानिक सामने चालू होते. माझ्या बॅगेत संमतीपत्रकं होती. ज्याचा आवाज वेगळा ओळखू येईल त्याची सही घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी रेकॉर्डर धरून सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाशेजारी जाऊन उभी राहिले. पन्नाशीचे, गळ्यात मफलर, टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर बसलेले.

"टीव्हीवाल्या का तुम्ही?"

मी हो आणि नाहीच्या मधली मान हलवली.

"मग नीट धरा ते. आमची पोरगी येतीया चढाईला. आणि हा पेरू खा, उपाशी दिसताय."

कबड्डीत चढाई करणारीनं एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. दम तुटला की ती बाद. त्यांची मुलगी रेषेपलीकडे गेली आणि ते उभे राहून ओरडले, "दम हाय! दम हाय अजून! घाई नको गं!" बिबवेवाडीच्या आमच्या घरात ‘हाय’ म्हटलं की आई लगेच ‘आहे’ म्हणायला लावते. इथे ते वाक्य दुसऱ्या कशानं पूर्ण झालंच नसतं. त्यांची मुलगी मी पाहिली नाही. माझी नजर रेकॉर्डरवरच्या पट्ट्यांवर होती.

सामना संपल्यावर सही घ्यायची होती. पण ते मुलीकडे निघून गेले, भोवती पाचसहा माणसं जमली. अनोळखी घोळक्यात शिरणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या तक्त्यात ‘संमती घेतली’ या चौकटीत मी खूण करून टाकली.

अकरा मिनिटांचा तुकडा तयार झाला, संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. चौथ्या मिनिटाला ते ओरडायचे. मॅडम खूश झाल्या. "या गृहस्थांना पगारावर ठेवा." पहिले दोन सामने उत्तम गेले. प्रायोजकानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

तिसऱ्या सामन्याला संघात एक मुलगी नव्यानं आली. घरच्या अडचणीमुळे आधी येऊ शकली नव्हती, एवढंच मला कळवलं होतं. ओळखीच्या व्हिडिओसाठी मी तिला ठरलेले प्रश्न विचारले. माझ्यापेक्षा कमी बोलणारं माणूस मला प्रथमच भेटलं. ‘तुमचा सर्वांत मोठा चाहता कोण?’ यावर ती एवढंच म्हणाली, "हा राहू द्या."

त्या दिवशी मी साऊंडच्या टेबलाजवळ बसले होते. ती चढाईला गेली. दम चांगला होता, स्पष्ट आणि एका लयीत. आणि वरून आवाज आला, "दम हाय! दम हाय अजून!"

ती जागच्या जागी थांबली. तोंड उघडं, पण आवाज नाही. तिनं मान वळवून डावीकडच्या तिसऱ्या रांगेकडे बघितलं. स्पीकर त्या रांगेच्या मागे होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. पंचांची शिट्टी वाजली.

उत्तरार्धात पुन्हा तेच. या वेळी ती मैदानाच्या बाजूची रेषा ओलांडून खुर्च्यांच्या दिशेनं चालू लागली. कोच सरांनी तिला बाहेर बसवलं. तिचा करार सामन्यागणिक होता. पुढच्या सामन्याला दुसरी मुलगी घेतोय, हे त्यांनी तिच्यासमोरच फोनवर सांगितलं.

पाण्याच्या कूलरजवळ मी तिला गाठलं. हातातला ग्लास तिनं भरलाच नव्हता.

"ताई, तिकडं कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. तिथे स्पीकर आहे."

"मग आण्णा कुठून बोलले?"

मी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग पुढे घेतली.

"आण्णा गेले. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी. सरांना हे सांगितलं तर म्हणतील, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. ताई, खरंच झालाय का?"

माझ्या तोंडात पेरूची चव आली. मी लॅपटॉप उघडून हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरले आणि चौथं मिनिट तीनदा ऐकलं. मग विचारलं, "आण्णांना माहीत होतं, तुम्ही हे घेताय?"

"घेतेय ते दिसत होतं. कशासाठी ते मी सांगितलं नाही."

"काढा ते. रिकाम्या खुर्च्यांसाठी नव्हते ओरडत ते."

तिला वाचवायचं तर कोचना खरं सांगायला हवं होतं. कोचना सांगितलं की मॅडमना कळणार, आणि मॅडम काय करतील हे मला माहीत होतं. तरी सांगितलं. कोच सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "तो आवाज काढलात तर एक सामना देतो. एकच."

सगळं कळल्यावर मॅडमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते पुसून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. संध्याकाळी त्यांनी प्रायोजकासाठी केलेल्या नव्या जाहिरातीचं पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. काळ्या पार्श्वभूमीवर रिकामी खुर्ची, आणि खाली ‘दम आहे अजून’. ‘हाय’चं ‘आहे’ त्यांनीच केलं होतं.

"तिला नीट विचार. हळुवारपणे. असं पुन्हा मिळत नाही."

"ती नको म्हणाली आहे."

"आज नको म्हणेल. वडिलांची संमती तर आहेच आपल्याकडे."

खाली ड्रिल चालू झालं. ते थांबेपर्यंत मी थांबले.

"नाही. ती खूण खोटी आहे. मी त्यांना विचारलंच नव्हतं."

मॅडमनी तक्ता उघडून त्या चौकटीवर बोट ठेवलं. सहीशिवायच्या आवाजाला प्रायोजकाचे वकील हात लावणार नाहीत, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

"एरवी तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात तुला," त्या म्हणाल्या. "आज बरा मुहूर्त सापडला." पान त्यांनी रद्द केलं. तक्ते भरण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते मला योग्यच वाटलं.

आवाज मी त्याच आठवड्यात कापला. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घालून तिला दिली आणि माझ्याकडची पुसली. कापलेल्या जागी टाळ्यांचा एक तुकडा असा बसवला की सांधा मलाही ओळखू येईना. घरी तो चाळीसेक वेळा ऐकला.

पुढच्या सामन्याला ती चढाईला गेली, तेव्हा मी पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होते. चौथं मिनिट सुरू झालं. टाळ्या आल्या, मीच बसवलेल्या. त्यांच्या आडून अजून काहीतरी ऐकू आलं आणि मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. साऊंडवाले काका मात्र निवांत चहा पीत होते. मॅटवर तिनंही किंचित मान वळवली होती, पण दम तुटला नाही. पायानं एकीला, हातानं दुसरीला शिवून ती परत रेषेवर आली. कोच सर टाळ्या वाजवत उभे राहिले. पुढच्या सामन्याच्या यादीत तिचं नाव त्यांनी तिथेच लिहिलं.

नंतर ती कूलरजवळ भेटली. या वेळी तिनं ग्लास भरून घेतला.

"ताई, तुम्ही काढलं ना नक्की?"

"काढलं."

ती सावकाश पाणी प्यायली. प्रश्न विचारणं मी शक्यतो टाळते. त्या दिवशी विचारला.

"तुला ऐकू आलं?"

तिनं ग्लास खाली ठेवला.

"अहो, तेच मी तुम्हाला विचारणार होते. तुम्ही पण तिकडंच बघितलं."