आपल्या गावात मत काय मागायचं

आमचे हे अकोटच्या कोर्टात वकील. विधानसभेला तीनदा उभे राहिले आणि तिन्हीदा पडले. पक्ष एवढासा, की त्याला कायमचं चिन्हही नाही. दर निवडणुकीला नव्यानं मागावं लागतं. पहिल्या दोन्ही वेळा कपबशी मिळाली. तिसऱ्यांदा त्याच कपबशीवर एका अपक्षानंही हक्क सांगितला, चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या पदरी शिवणयंत्र पडलं.

निवडणूक आली की माझ्या घराची धर्मशाळा होते. कोण कुठे बसलंय, कोण जेवलंय, कशाचा पत्ता लागत नाही. यांचा फोन कानाला आणि पाय दारात. मला अन्न गोड लागत नाही, शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी भलतंच लिहून ठेवते. पडल्यावर वाटायचं, चला, सुटलो. पण हे निकालाच्या दुसऱ्या दिवशीच पुढच्या तयारीला लागायचे. कारण एकच. बाकी तालुका कसाही वागो, यांचं जन्मगाव दोन्ही वेळा यांच्या मागे उभं राहिलं होतं. "गाव हाय तोवर मी हाय," असं म्हणायचे. मी मनातल्या मनात त्या गावावर दात खायचे.

तिसऱ्या वेळी केंद्रनिहाय आकडे आले आणि हे तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. गावानं भरभरून मतं दिली होती ती त्या अपक्षाला, ज्याला तिथं कुत्रंही ओळखत नव्हतं. यांना चिमूटभर. "संपलं आता," हे म्हणाले. इतकी वर्षं मी याच शब्दाची वाट पाहत होते, तो ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे अंगणात येरझाऱ्या घालायचे, कोर्टातून येऊन पुन्हा घालायचे, आणि त्यांच्याबरोबर माझाही जीव खालीवर.

थोड्याच दिवसांत पुतणीचं लग्न आलं, गावातच. हे म्हणाले, "ज्या गावाले मी नको, तिथं जेवाले काहून जाऊ?" अंगाखांद्यावर खेळवलेली पोर, पण ऐकेनात. मी एकटीच गेले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे नवरीच्या आईनं, मला मांडवाच्या कडेला ओढलं. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून यांना याच बाईनं वाढवलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडात राग.

"भाऊजी काहून नाई आले वं? पडले त्यात आमचा काय गुन्हा? म्या घरोघर जाऊन बायायले सांगतलं, कपबशी इसरू नोका. साऱ्या गावानं कपबशीच दाबली!"

मला आधी हसू फुटलं, मग लक्षात आलं, चिन्ह बदलल्याचं गावाला कळलंच नव्हतं. हे गावात प्रचाराला गेलेच नव्हते. आपल्या गावात मत काय मागायचं, उलट लोकांना वाईट वाटेल, असं यांचं म्हणणं. पत्रकं पाठवली होती, ती गठ्ठ्यातच राहिली. मतदान यंत्रावर फोटो असतो, पण ओळखीची कपबशी दिसल्यावर फोटो कोण बघतो?

मी फोन हातात घेऊन मांडवाबाहेर गेले, परत आले, पुन्हा गेले. सांगितलं, तर हे पुन्हा उभे राहणार आणि माझी पुन्हा तीच दैना. गप्प राहिले, तर घर शांत. फक्त आपल्याच माणसांनी आपल्याला टाकलं, हे मनात घेऊन हा माणूस म्हातारा होणार. तिकडे नवरीची निघायची वेळ झाली होती. मी फोन लावला.

हे घरातल्याच कपड्यांत मोटारसायकलवर आले. खरा प्रकार कळल्यावर जाऊबाईंनी यांना भर मांडवात झापलं, "मत मांगाले आले असते त जीभ झडली असती काय?" हे वाकून त्यांच्या पाया पडले आणि हमसून हमसून रडले. पुतणी काकाच्या गळ्यात पडली, मग गाडीत बसली.

परतताना मी यांच्या मागे बसले होते. वाऱ्यात आवाज नीट येत नव्हता, पण हे बोलतच होते. पुढच्या खेपेला पहिली सभा गावातच, चिन्ह कोणतंही मिळो, घरोघर स्वतः जायचं, तू पण चाल. मला ओरडून सांगावंसं वाटलं, गाडी थांबवा, मला इथंच उतरू द्या. पण फोन मीच केला होता.