कढईवाली आजी आणि आईचा सनकोट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्ये कोणी हसलं की मला पुढचं बोलता येत नाही.

लहानपणी मी एक कार्टून बघायचे. उडत्या कढईत बसून चोर पकडणारी आजी. चोर सापडला की मी ताटावर चमचा आपटत ओरडायचे, "तळून काढ, आजी, तळून काढ!" त्याचाच आता खऱ्या माणसांचा पिक्चर आला. खरी आजी, खरी कढई!

अडचण एकच. समोरच्या बिल्डिंगमधली सायली माझ्या वर्गात आहे, आणि तिला मी नुकतंच ऐकवलं होतं, "कार्टून? शी! दहावीत जाणार आता आपण."

मग जायचं कसं? नाशिकच्या उन्हात सगळ्या बायका जातात तसं! अंगात सनकोट, तोंडाला स्कार्फ, दिसतात फक्त डोळे. माझा सनकोट सायली ओळखते, म्हणून आईचा घातला. आई सिन्नरला मामाकडे गेली होती. काय डोकं चालवलं होतं मी!

थिएटरात अंधार झाला तरी स्कार्फ सोडला नाही. पिक्चर तसा साधाच. कढईला बांधलेली तारसुद्धा दिसत होती. पण आजीने पहिला चोर झाऱ्याने उचलला आणि मला काय झालं कोण जाणे! हजेरीला माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. इथे मी चक्क उभी राहून, "तळून काढ, आजी!" मागची पोरंही ओरडायला लागली. मी हात हलवून त्यांना ताल देत होते!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खैरनार काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. आई मदतीला गेली, मागोमाग मी.

"या वहिनी," काकू म्हणाल्या, "काय म्हणतंय सिन्नर? एसी होता ना चांगला?"

"कसला एसी?"

"राहू द्या! काल सकाळी कुरडयांना बोलावलं, तर तुम्हाला भावाकडे जायचं होतं. मग थिएटरात माझ्या नातवंडांपुढे नाचत कोण होतं? तो जांभळ्या फुलांचा सनकोट मी ओळखत नाही होय?"

आमची आई म्हणजे जिन्यात मोठ्याने हसणाऱ्यालाही टोकणारी बाई. ती फुकट खोटारडी ठरली!

"काकू... ती मी होते," मी पुटपुटले.

"काय म्हणतेय ही?"

"ती हीच होती म्हणे," आई माझ्याकडे रोखून बघत म्हणाली.

"ही? गुणाची गं पोर! आईसाठी स्वतःवर घेतेय."

"ओरडून दाखव," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. आवाजच नाही!

आई तडक खाली गेली, सनकोट घेऊन आली, तो माझ्या अंगात चढवला आणि तोंडाला स्कार्फ करकचून बांधला. "आता ओरड."

"तळून काढ, आजी, तळून काढ!"

कठड्यावरचे कावळे उडाले. काकूंच्या हातातून सोऱ्या निसटला. आईची सुटका झाली. ती टाकीआड बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. आमची आई!

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून सायलीचा आवाज आला.

"काकू, तुम्ही पण बघितला? कसल्या भारी आहात हो! नाहीतर तुमची मुलगी. तिला कसली म्हणून मजाच कळत नाही!"

मी स्कार्फ आणखी घट्ट केला आणि आईसारखा हात हलवला.