जगदेवरावांच्या शेतातली पिवळी पंचमी

जगदेवरावांचे पूर्वज घोड्यावर बसून दख्खनेतून ग्वाल्हेरीला आले होते. त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर जगदेवरावांनाही कुणाशी तरी लढणं भाग होतं. हरिशंकरपुरमच्या घरात पत्नी शालिनीताईंपुढे काही चालत नसे, तेव्हा त्यांनी शहराबाहेरच्या मोहरीच्या शेतावर मोहीम काढली. शत्रू होता मावा. इकडे त्याला सगळे माहू म्हणतात. मोहरीच्या शेंड्याला गच्च चिकटून रस शोषणारी बारीक कीड.

मुलगा मोहित म्हणे, औषध मारा आणि मोकळे व्हा. जगदेवराव ऐकेनात. औषधानं माहू खाणारे ढालकिडेही मरतात, आणि आपलीच फौज आपण कापायची हे म्हणे त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. शालिनीताई इतिहासात शिरत नसत. ढालकिडे यावेत म्हणून जगदेवरावांनी बांधावर कोथिंबीर फुलू दिली. काठ्यांवर पिवळे पत्रे ठोकून त्यांना एरंडेल फासलं. माहू पिवळ्या रंगावर झेपावतो आणि तेलात चिकटतो, हे ते दूधवाल्यालाही ऐकवत. अखेर मोहितनं फवारणीवाला ठरवूनच टाकला. वसंतपंचमीपर्यंत माहू हटला नाही, तर दुसऱ्या दिवशी पंप चालणार होता.

मग जगदेवरावांनी मराठी मंडळाची वसंतपंचमी शेतातच ठरवली. चार प्रतिष्ठित माणसांनी वाहवा केली की मोहित गप्प बसेल, हा हिशेब. निमंत्रण त्यांनी स्वतः लिहिलं. सुरुवातीला माहूचं पिवळ्या रंगाचं वेड सविस्तर वर्णिलं होतं. शेवटी, इथल्या रिवाजाप्रमाणे, सर्वांनी पिवळी वस्त्रं नेसून यावं, अशी विनंती होती. मोबाइलवर सगळ्यांनी ते वाचलं, हात जोडल्याची चित्रं पाठवली, आणि कुणालाही काही खटकलं नाही.

मंडळी आली. मंडळाच्या अध्यक्ष, जयेंद्रगंजच्या सुधाताई, हळदी रंगाच्या रेशमी साडीत होत्या. ऊन चढलं तसा माहू उडाला. पत्रे लहान होते, सुधाताई मोठ्या. जगदेवराव भाषणात ढालकिड्यांच्या पराक्रमापर्यंत पोचले, तोवर साड्या, कुर्ते, केशरी भात, सगळं काळ्या ठिपक्यांनी भरलं होतं.

पदर झटकत सुधाताई म्हणाल्या, "जगदेवराव, आम्हाला जेवायला बोलावलंत की सापळ्याला लावायला?"

मंडळी गाड्यांकडे पळाली. मोहित इतकंच म्हणाला, "बाबा, पंप कल सुबह आ रहा है. बस."

जगदेवराव खाली बसले आणि कोथिंबिरीवरच्या एका ढालकिड्याकडे बघत राहिले.

शालिनीताईंनी ते पाहिलं. शेतातल्या खोलीत जाऊन त्या साधा सलवार-कुर्ता घालून आल्या. हातात मघाशी नेसलेली माहेरची पिवळी साडी होती. जिथे माहू दाट होता तिथे त्यांनी ती काठ्यांवर ताणली आणि एरंडेलाचा डबा तिच्यावर रिकामा केला. तेल पातळ फासावं लागतं, असं जगदेवराव सांगणार होते. ताईंनी नुसतं पाहिलं.

"मोहित, उद्याचा पंप रद्द कर," ताई म्हणाल्या. "साडी गेलीच आहे. आता तिला कामाला तरी येऊ दे."

आईच्या साडीवर औषध मारायची मोहितची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सुधाताईंचा ड्रायव्हर त्यांची रेशमी साडी घेऊन आला. निरोप होता, डाग निघत नाहीत, हीपण लटकवा. मग बाकीच्यांच्याही आल्या. धोब्यानं कपडे वाळत घालावेत तसं शेत दिसू लागलं.

माहू गेला. साड्यांना चिकटला, ढालकिड्यांनी खाल्ला की फाल्गुनाच्या उन्हानं पळाला, देव जाणे. दूधवाल्याला जगदेवराव आता ही मोहीम रोज सांगतात. त्यात ढालकिडे असतात, कोथिंबीर असते, घराणं तर असतंच. साडीपाशी आले की मात्र स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणतात.