चेनला काजूचं तेल

रेशनच्या दुकानातल्या मशीनवर आईचा अंगठा कधी उमटायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "मावशी, बोट पुसा जरा." आई पदराला पुसायची. "आता दुसरं लावा." दुसरं लावायची. मागची रांग चुळबुळायला लागायची. दहाही बोटं झाली की ती मला पुढे ढकलायची, आणि माझ्या बोटावर आमचे तांदूळ निघायचे.

आईच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. रत्नागिरीबाहेरच्या एका काजूच्या कारखान्यात ती बिया फोडायला बसायची. काजूच्या टरफलात तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजतं, मग काळं पडतं, मग साल निघते. आणि नवी कातडी येईपर्यंत नव्या बियांची टोपली समोर आलेली असते. वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून घर त्या दहा बोटांवर. शाळेत पालकसभेला आली की आईचे हात पदराखाली. बाईंनी सही मागितली की म्हणायची, "चष्मा घरी राहिला." आईला चष्मा नव्हताच.

तिचा एकच नियम होता. माझे हात काळे व्हायचे नाहीत. मे महिन्यात अख्खी वाडी कोकमासाठी रातांबे फोडायला बसायची, मी नाही. फणस कापायचा तर शेजारच्या काकूंनी. "तू पुस्तक धर," आई म्हणायची. मी धरलं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले. आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. हे मी चारचौघांत सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि मी विसरलेच तर आई आहे.

नोकरी लागली ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि ठरलेल्या वेळेच्या आत आणून द्यायचं. उशीर झाला की नमुने बाद, म्हणजे फेरीच बाद. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. अट एकच, स्वतःची दुचाकी हवी.

मी आईला म्हटलं, "आता कारखाना सोड."

"दुसरी ऑर्डर आली की सोडते."

"पहिली आलीय ना!"

"पहिली बघायला देतात," आई म्हणाली. "दुसरी काम बघून देतात."

शिकवण्या घेऊन साठवलेल्यातून मोटरसायकल घेतली. स्कूटर का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. त्या सगळ्यांना मी सांगितलं की एकदा आमच्या कातळाच्या सड्यावरच्या दगडधोंड्यांच्या पाखाडीवरून स्कूटर घालून दाखवा, मग बोलू. शोरूममध्ये नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाला. विक्रीवाल्या मुलाने चावी माझ्या हातात देण्याआधी माझ्या मागे दोनदा बघितलं. भाऊ किंवा नवरा कोणी येतोय का ते.

गाडीबरोबर दोन पुस्तकं मिळाली. एकात फुकट सर्व्हिसची कुपनं, दुसरं नुसतंच जाडजूड. आईने कुपनांचं माझ्याकडे दिलं. जाडजूड असेल ते महत्त्वाचं, म्हणून दुसऱ्याला प्लास्टिकचं कव्हर शिवलं आणि ट्रंकेत माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटाखाली ठेवलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात छापील आणि चकचकीत जे काही येतं, ते ट्रंकेत जातं.

पहिल्या सर्व्हिसला आई हट्टाने आली. एसीत बसली. मशीनचा चहा प्यायली. काचेपलीकडे निळ्या कपड्यांतली पोरं आमच्या गाडीभोवती वाकलेली. टाय लावलेला सुपरवायझर येऊन म्हणाला, "मॅडम, सही करा इथे." मी इंग्रजीत सही केली. आई माझ्या कानात म्हणाली, "हे बरं हाय. काळं त्यांचं, सही तुझी."

पहिले काही महिने खरंच बरं होतं. मग एकदा मागच्या ब्रेकचा आवाज येतो म्हणून गाडी नेली आणि सुपरवायझर म्हणाला, "पार्ट कोल्हापूरहून यायचाय. ठेवून जा." पार्ट आज येतो, उद्या येतो, करत तीन दिवस गेले. त्यात माझी एक फेरी बुडाली. एसटीने विहिरी गाठता येतात, पण विहिरींवरून वेळेत परत येता येत नाही.

प्रयोगशाळेतले सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुढच्या ऑर्डरची शिफारस मला लिहायची आहे. एक फेरी मी समजून घेतो. दुसरी बुडाली तर मला लिहिता येणार नाही."

गाडी परत आली ती ब्रेक गप्प आणि चेन बोलती होऊन. कोरडी, करकर करणारी. शोरूमला फोन लावला.

"मॅडम, जॉब कार्डवर चेन ऑइलिंगला टिक आहे."

"टिक आहे. ऑइल नाही."

"असं कसं होईल? घेऊन या, ठेवून जा, बघू."

'ठेवून जा' हे दोन शब्दच मला आता परवडणारे नव्हते. म्हटलं, एवढ्याशा तेलासाठी काय शोरूम! मी केमिस्ट्रीची पदवीधर. घरात तेल नाही का?

होतं. आईने कारखान्यातून आणलेली काजूच्या टरफलाच्या तेलाची बाटली पडवीत होती. आमच्याकडे ते दाराच्या चौकटींना लावतात. वाळवी लागत नाही, पाणी मुरत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. मी विचार केला, यात फिनॉल असतात, लोखंडावर थर धरेल, गंज येणार नाही. डोक्यात अख्खी ऑरगॅनिक केमिस्ट्री उभी राहिली. आई कामावर गेल्यावर दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, रबर लावले आणि रंगाच्या जुन्या ब्रशने चेनला दोन हात दिले. हाताला एक ठिपका नाही. आरशात बघून हसले.

चेन दोन दिवस मुकी झाली. तिसऱ्या दिवशी राजापूरच्या बाजूच्या गावांची फेरी होती. पावसाळा संपलेला, सड्यावर जांभ्याची तांबडी धूळ. सात विहिरी झाल्या, डबा भरला, परत निघाले आणि गाडी घोड्यासारखे हिसके द्यायला लागली. मग खाड् करून मागचं चाक मोकळं. उतरून बघते तर चेन उतरलेली. चेन कसली, शेंगदाण्याची चिक्की! तेलाचा डिंक झालेला, त्यात दिवसभराची धूळ बसलेली, एकेक कडी वाकेल तिथेच अडकलेली. वर उचलली तर काठीसारखी उभी राहिली.

घड्याळात अडीच. पाचच्या आत नमुने पोचायला हवे होते. डब्यातला बर्फ खुळखुळायला लागला होता.

ढकलत फाट्यावर आणली. तिथे पत्र्याचं गॅरेज होतं. दारात पायरीवर बसून मिस्त्री जेवत होते. पांढरी दाढी, लुंगी, पुढ्यात माशाचं कालवण आणि भात. आखातात वीस वर्षं ट्रक दुरुस्त करून परत आलेले, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. गाडीकडे न उठता बघितलं.

"पोरी, ह्याच्यावर काय ओतलंस? गूळ?"

"काजूच्या टरफलाचं तेल."

घास हातातच राहिला. "ते होडीला लावतात."

"चौकटीलापण लावतात," मी म्हटलं.

"मग चौकटीवर बसून जायचं होतंस." स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके हसले की ठसका लागला. "कुठल्या गॅरेजवाल्याने केलं हे? नाव सांग त्याचं."

"मीच केलं."

"शिकलेली आहेस?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

"तरीच."

मी म्हटलं, "चाचा, लवकर करून द्या. पाचच्या आत पोचायचंय. नाहीतर नोकरी जाईल."

त्यांनी आपला भाताने माखलेला हात दाखवला. "माझा हात जेवणात आहे. तुझे मोकळे आहेत. ती रॉकेलची बाटली घे, तो ब्रश घे. मी सांगतो."

मी पिशव्या मागितल्या. "हाताला घालायला."

"पिशवी घालून आंघोळ करतेस काय?"

मी बसले खाली. रॉकेल, ब्रश, कडी. कडी, ब्रश, रॉकेल. ते काटे काढत काढत सांगत होते. आतल्या बाजूने घास. वाकवून बघ, अडकते का. पुस आता, कोरडी कर. आता ते नव्वद नंबरचं ऑइल, थेंब थेंब, बदाबदा नको, केसांना लावतेस का? मागचं चाक फिरव. चेन दोन दातेरी चाकांच्या मधोमध उचल, बोटभर हलली पाहिजे. जास्त ढिली असेल तर उतरते, जास्त ताणलीस तर तुटते. नट कोणता फिरवायचा तेवढं त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाखवलं.

"हे सगळं गाडीबरोबरच्या पुस्तकात असतं," ते शेवटचा घास घेत म्हणाले. "वाचलं नाहीस?"

ट्रंकेतलं कव्हर डोळ्यांसमोर आलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला. सरांनी घड्याळ बघितलं, मग माझे हात बघितले. "नमुन्यांना हात लावू नका," एवढंच म्हणाले आणि डबा स्वतः आत नेला.

घरी आले तर आई चुलीपुढे. साबणाने तीनदा धुऊनही नखं काळी, रेषा काळ्या. ताट घेताना तिने बघितलं. मग भात वाढता वाढता म्हणाली, "हेच करायचं होतंस तर माझ्या बाजूच्या पाटावर बसवली असती गो तुला. पंधरा वर्षांच्या पुस्तकांचे पैसे वाचले असते."

मी म्हटलं, "आई, पुस्तक वाचलं नाही म्हणूनच हे झालं." आणि जेवण झाल्यावर ट्रंक उघडून ते कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. चेनचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. कधी साफ करायची, किती ढिली ठेवायची, कुठलं ऑइल. सगळं छापलेलं, चित्रासकट, मराठीतसुद्धा. आई ऐकत होती, पण तोंड फिरवून.

त्यानंतर मी दर रविवारी अंगणात बसायला लागले. चेन, ब्रेकचा ताण, एअर फिल्टर, टायरची हवा. ही कामं माझी. शोरूम मी सोडलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू. वॉरंटीचे शिक्के तिथेच मिळतात, आणि गाडीला कॉम्प्युटर जोडून बघायचं यंत्र माझ्याकडे नाही. एकदा मी शहाणपणा करून इंजिन ऑइल स्वतः बदललं आणि खालचा बोल्ट असा आवळला की आटेच गेले. मुकाट्याने शोरूम गाठलं. टायवाला बोल्टकडे बघून गालात हसला. त्याचा तो हक्क होता. पण आता सही करण्याआधी मी जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहिते, चेन पंचवीस मिलिमीटर ढिली, आणि गाडी घेताना त्याच्यासमोर पट्टी लावून मोजते. एकदा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवत नाही."

"ठेवते की. पट्टीवरपण ठेवते."

आई रविवारी मुद्दाम मागच्या दारी काम काढायची. महिना दीड महिना हे चाललं. मग एका रविवारी मी रॉकेलची बाटली उघडत होते, तेवढ्यात ती वाटी घेऊन पुढे आली. वाटीत एरंडेल.

"आधी हे चोळ हाताला. नखांत पण. मग काळं आत शिरत नाय."

मी बघतच राहिले.

"काय बघतेस? कारखान्यात आमी बिया फोडायला बसायच्या आधी हेच लावतो. एवढी शिकलीस आणि एवढं माहीत नाय तुला."

"मग तुझे हात कसे काळे झाले?"

"एरंडेल वाटीभर, बिया पोतंभर," आई म्हणाली आणि खाली बसली. "चाक मी फिरवते. तू तेल सोड."

ती चाक फिरवत राहिली, हळू, एकसारखं. माझ्यापेक्षा तिचा हात बसलेला होता. शेजारच्या काकू कुंपणाजवळ येऊन म्हणाल्या, "मायलेकींनी गॅरेज काढलं वाटतं!" आई म्हणाली, "तुमची गाडी आणा, जॉब कार्ड करते." काकूंकडे सायकलसुद्धा नव्हती.

उरलेल्या महिन्यांत एकही फेरी बुडाली नाही. सरांनी शिफारस लिहिली. दुसरी ऑर्डर आली त्या दिवशी आई नेहमीसारखी कामावर गेली, आठवड्याचं काम पुरं केलं, काजूच्या तेलाची बाटली पडवीतून उचलून शेजारी देऊन टाकली आणि मग घरी बसली. ऑर्डर ट्रंकेत आहे. गाडीचं पुस्तक बाहेर खिडकीत, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेलं.

आईने कारखाना सोडून आता आठ महिने झाले. गेल्या महिन्यात आम्ही रेशनला गेलो. मी सवयीने पुढे झाले, तर तिने मला मागे सारलं आणि अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने घेतला.